इंजिन बाहेर आहे तोवर

बुधवार, संध्याकाळ. घाटंजी.

आज लय भांडली मी ह्यायच्याशी. आमच्या पिकअपमध्ये बसवायले आणलेलं जुनं इंजिन सकाळी अंगणातच चालू करून पाह्यलं, मस्त चाललं. सासूबाईनं मुहूर्त पाहून नारळ आणून ठेवला होता. अन् हे म्हणतात, "आज नाही. आधी मागचं ऑइल सील बदलतो." ते रबराचं कडं कुठूनच गळत नव्हतं! मी म्हटलं, "चांगल्याले कायले हात लावता?" तर म्हणे, "इंजिन बाहेर आहे तोवर हात पुरते. एकदा बसलं का एवढ्याशा कड्यासाठी सारा गिअरबॉक्स उतरवा लागते."

मुहूर्त गेला. सासूबाईनं रागानं नारळ परत देवघरात नेऊन ठेवला. हे मात्र मांडी घालून, लेकराचं नाक पुसावं तसं इंजिन पुसून राह्यले. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवणारा हाच का तो माणूस? एवढा धीर कुठं लपवून ठेवते हा?

आत्ता सासूबाईनं ते काढलेलं कडं उचललं, रबर सहज बोटानं दाबलं. पापडासारखं मोडलं. तुकडा तळहातावर घेऊन पाहत राह्यल्या. मग मले म्हणाल्या, "नारळ काय, उद्याही फुटते."