टोपीवाली भाकड

अण्णा,

तुमच्या फोटोला हार घालायला मी कधी आले नाही. भाऊ दरवर्षी पित्राला बोलावतो आणि मी दरवर्षी नेमकी त्याच दिवशी ड्युटी लावून घेते. आज लिहायला बसले त्याचं कारण तुम्ही नाही, ती टोपीवाली आहे. आमच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डासाठी कुणीतरी जुन्या इंग्रजी पुस्तकांचं पोतं आणून टाकलं आणि त्यातल्या एका पुस्तकावर ती निघाली. तीच तांबडी गाय, तीच गवताची टोपी, टोपीवर लाल फळांचा घोस, गळ्यात बायकांची पर्स. सलाईन हातात धरून मी एकटीच हसले, आणि मग तुमची आठवण येऊन डोकं तापलं.

माझ्याकडचं पुस्तक तुम्हीच आणलं होतं. तुम्ही गावच्या दूध संस्थेचे सचिव. बीडला दूध संघाची मीटिंग होती, येताना रद्दीवाल्याकडून ते उचललंत आणि माझ्या मांडीवर टाकलंत. तुमचं इंग्रजी दूध तपासायच्या लॅक्टोमीटरच्या काचेवरचे आकडे वाचण्यापुरतं. गाईचं नाव तुम्ही एकेक अक्षर जोडत वाचायला गेलात, दोनदा अडखळलात आणि म्हणालात, "जाऊ दे, टोपीवाली म्हण." मग तुमची दूधवाल्याची नजर चित्रावर फिरली. "ही भाकड हाय बग. कास बग तिची, पार वाळून गेलीय." मला वाईट वाटलं. मी विचारलं, "मंग हिला टोपी कावून घातली?" तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत. मग म्हणालात, "साहेबाच्या देशात भाकडीलाबी दारात जागा आसती. दूध आटलं म्हणून कुणी काढून देत न्हाई."

त्या वर्षी रोज संध्याकाळी, दूध घालणारे गेले की तुम्ही किटल्या पालथ्या घालता आणि मी पुस्तक घेऊन तुमच्या शेजारी बसते. पुस्तकात ती दारोदार जाते आणि प्रत्येक दारातून कुणीतरी तिला बादलीत चहा ओतून देतं. तुमच्या तोंडून मात्र ती केजला जाते, तहसीलदाराच्या खुर्चीत बसते आणि म्हणते, आधी माझा उतारा द्या. एसटीत ती बायकांच्या सीटवर बसलेली असते आणि कंडक्टर अदबीनं म्हणतो, "बाई, तेवढी शिंगं आत घ्या." मी हसून हसून लोळते. तुम्ही हसत नाही, गंभीर तोंडानं पुढं सांगता, त्यानं तर जास्तच हसू येतं. मी कोळशानं तिला गोठ्याच्या भिंतीवर काढलं होतं. आपल्या कपिली गाईच्या शिंगांवर दुरडी पालथी घातली होती, आणि आई ओरडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, तिला ऊन लागतंय." असे होतात तुम्ही. हे लिहितानाही मला राग येतो, कारण हे सगळं खरं आहे.

मग तो दुष्काळ आला. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची वेळ आली. संस्थेनं चारा छावणी काढली आणि दुभत्या जनावराला आधी चारा, असं ठरवलं ते तुम्हीच. कपिलीचं दूध तोवर आटलं होतं आणि ती पुन्हा गाभण राहत नव्हती. तुम्ही तिला बाजाराला काढलंत. मी दावं धरून बसले आणि तुम्हाला तुमचंच बोलणं ऐकवलं, की भाकडीलाबी जागा आसती. तुम्ही माझी बोटं सोडवलीत, जोर न करता, एकेक करून. "भाकड किती दिवस पोसायची?" एवढंच म्हणालात. पुस्तक मी पेटीत तळाशी टाकलं. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही आणि टोपीवाली पुन्हा कुठल्या एसटीत बसली नाही.

तरी तेव्हा मी ते सोडून दिलं होतं. लहान होते, पण छावणीतली जनावरं बघत होते. गाईचा राग माणूस विसरतो.

पुढं लग्न झालं आणि मला मूल झालं नाही. सासरी तोच शब्द माझ्यासाठी निघाला, आधी माजघरात, मग अंगणात, मग पाव्हण्यारावळ्यांसमोर. एका संध्याकाळी मी पिशवी घेऊन फाट्यावर उतरले आणि थेट संस्थेत आले. लोक रांगेत उभे आहेत, तुम्ही लॅक्टोमीटर दुधात सोडलेला आहे. तुम्ही वर न बघता विचारता, "किती दिवसासाठी आलीस?" मी हळूच सांगते की आता जायचं नाही, ते मला भाकड म्हणतात. तुम्ही काच वर काढता, पुसता, आकडा वाचता. आणि म्हणता, "त्यांनी तरी किती दिवस पोसायचं?" रांगेतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सकाळी तुम्ही स्वतः मला एसटीत बसवून दिलंत. आणि वर, खिडकीपाशी उभं राहून म्हणालात, "सांभाळून ऱ्हा."

सहा महिन्यांत मी सासरहून दुसऱ्यांदा निघाले, आणि तुमच्या दारात आले नाही. निघताना, लग्नात माझ्याबरोबर आलेल्या पेटीतलं ते पुस्तक तेवढं घेतलं. बीडला नर्सिंगच्या वर्गात इंग्रजी शिकावंच लागलं, तेव्हा शब्दकोश घेऊन ते पहिल्यांदा नीट वाचलं. अण्णा, त्यात ती भाकड नाहीच. दुधाचं, कासेचं, दारात जागा असण्याचं एक अक्षर त्यात नाही. एक गाय नवी टोपी सगळ्यांना दाखवायला निघते आणि लोक तिला चहा देतात, एवढीच गोष्ट आहे. ते वाक्य साहेबाचं नव्हतं, ते तुमचं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की साहेबाचा देश चांगला आणि माझा बाप बिचारा अडाणी, त्याला ते जमलं नाही. तुम्हाला सगळं कळत होतं. माझं रडवेलं तोंड बघून असं वाक्य तुम्हाला चटकन सुचलं होतं. मग त्या संध्याकाळी, मी समोर उभी असताना, ते कुठं गेलं? ज्याला कळतच नाही त्याला माफ करता येतं. तुम्हाला मी केलेलं नाही, आणि आता तुम्ही नाही म्हणून करणारही नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. भावालाही दाखवणार नाही. पण एक गोष्ट तेवढी राहिली. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा, ते पुस्तक वाचता यायच्या आधी, बीडमध्ये मला एकटीला कुणी खोली देईना. शेवटी एका म्हाताऱ्या बाईच्या दारात उभी राहिले. तिनं खालून वर बघितलं आणि विचारलं, "नवरा न्हाई, लेकरू न्हाई, मंग तुला कावून ठेवून घेऊ?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "चांगल्या घरी भाकडीलाबी दारात जागा आसती." ती कितीतरी वेळ हसली आणि कडी काढून बाजूला झाली. आत जाताना तिनं विचारलं, "लई ग्वाड बोललीस. कुणी शिकवलं गं?"

मी सांगितलं, इंग्रजी पुस्तकात आहे.