शिक्षक पाहिजे, मंगळ चालेल

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

कोपरखैरण्याहून श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन टेकली असं धरून चालावं.) तुमचा खोकला, वहिनींची पाठ आणि परसातला पेरू या तिघांची खुशाली कळवावी. आम्ही बरे आहोत. जयमालेचा रक्तदाब माझ्यामुळे वाढतो असं तिचं म्हणणं आहे, डॉक्टरांचं मत अजून घेतलेलं नाही. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, आणि तो होकार आहे, नकार आहे की डुलकी, हे मला एकसष्टाव्या वर्षीही ओळखता येत नाही.

विषय तुमच्या प्रांतातला आहे. आमच्या सोसायटीच्या मागे बोनकोडे गाव आहे. तिथे यशोदाबाई म्हणून एक बाई राहतात. त्यांच्या घरची भातशेती केव्हाच गेली, आता तिथे त्यांची चार मजल्यांची इमारत आहे आणि तीत भाडेकरू. वरच्या मजल्यावर मणिपूरची एक नर्स राहते. ती रोज संध्याकाळी फोनवर बोलताना मोठमोठ्याने हसते, आणि ती एवढं कशाला हसते हे कळल्याशिवाय यशोदाबाईंना चैन पडत नाही. दोघींचं हिंदी वेगवेगळ्या दिशांना जातं, म्हणून त्यांनी इंग्रजी शिकायचं ठरवलं. मी (शहाणपणा करायची हौस तुम्हाला ठाऊकच आहे) त्यांना म्हटलं की ती पोरगी फोनवर तिच्या भाषेत हसते, इंग्रजीत नाही. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "मंग तिलाच इचारीन ना इंग्रजीत, का हसतंस म्हनून."

बघता बघता जयमाला धरून पंधरा बायका तयार झाल्या. यशोदाबाईंनी पहिल्या मजल्यावरचा हॉल दुपारपुरता द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की सोमवारपर्यंत शिक्षक उभा राहिला पाहिजे. नाहीतर हॉल त्यांच्या पुतण्याला, रूपेशला, जिमसाठी मिळणार. रूपेशने वजनं आणून जिन्यात रचूनही ठेवली होती, त्यामुळे वर जाणाऱ्या प्रत्येक बाईला आपली मुदत किती उरली आहे हे पायाला लागून कळत होतं. आणि शिक्षक शोधायचं काम आलं माझ्याकडे. का, तर मी आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या नवी मुंबई शाखेचा चिटणीस. माणसं शोधून, पारखून, समोरासमोर बसवण्याचा अकरा वर्षांचा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे, असं जयमाला चारचौघींत म्हणाली. (चारचौघींत ती माझं कौतुक करते, तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं.)

आता माझी चूक ऐका. इंग्रजी शिकणाऱ्यांना शिकवायचं म्हणजे शिक्षकाची पार्श्वभूमी आणि आवड तपासावी लागते, असं मी कुठल्याशा शिबिराच्या पत्रकात वाचलं होतं. मंडळाचे छापील फॉर्म घरात तीनशे पडून होते. त्यात 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आहे, 'आवडीनिवडी' आहे, 'शिक्षण व व्यवसाय' आहे. आणखी काय पाहिजे? मी वर छापलेलं 'वधू/वर' खोडलं, 'शिक्षक' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर पाठवला. खालचे रकाने मात्र तसेच राहिले. उंची, वर्ण, जन्मवेळ, मामांचं गाव, मंगळ आहे किंवा कसे, आणि सर्वांत शेवटी, 'अपेक्षा'.

अकरा फॉर्म आले. त्यातल्या पाच जणांना लग्नच करायचं होतं, ते मी मंडळाच्या फायलीत लावले. दोघांनी पत्रिका जोडल्या होत्या, पण शिक्षण कोरं. एकाने पगाराचा आकडा वाचून (म्हणजे तो नाही हे वाचून) माघार घेतली. उरले तीन. त्यांना शनिवारी हॉलवर बोलावलं. पंधरा बायका सतरंजीवर मुलाकडच्या मंडळींसारख्या बसल्या, जयमालेने पोहे केले, आणि मी सवयीने उमेदवाराची खुर्ची उजेडाकडे तोंड करून ठेवली.

पहिला पार्थ, एम.ए., बी.एड., शिवाय दोन प्रमाणपत्रं, आणि शिवाय आई. अपेक्षेच्या रकान्यात 'नोकरी करणारी, मनमिळाऊ, सानपाड्याच्या पलीकडची नको' असं लिहिलेलं होतं. फॉर्म आईने भरला होता, आणि आपण कशासाठी आलो आहोत याबद्दल मायलेकांच्या समजुती वेगवेगळ्या होत्या. आई पंधराही बायकांकडे पाळीपाळीने पाहत मुलगी कुठली ते शोधत होती. पार्थ बिचारा बोलला चांगलं. शिकवणं ही आपली पॅशन आहे, असं तीनदा म्हणाला. यशोदाबाईंनी विचारलं की आजवर कुणाकुणाला शिकवलंस. एका क्लासमध्ये दोनशेच्या बॅचेस घेतो, पडद्यावर, असं तो म्हणाला. त्यातल्या एकाचं नाव सांग म्हटल्यावर मात्र तो आठवायला लागला, आणि त्याची आई दुसऱ्यांदा पोहे घेईपर्यंत आठवतच होता.

दुसरी श्रुती, सव्वीस वर्षांची. ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये सहा वर्षं काढली, आता दुसरीकडे लागली आहे. आवडीनिवडींत तिने लिहिलं होतं, 'इंग्रजीत माफी न मागता बोलणे'. विचारलं तेव्हा म्हणाली की काका, सहा वर्षं मी दिवसाला सत्तर वेळा सॉरी म्हटलंय, ज्यांचं मी काहीही बिघडवलेलं नाही अशा माणसांना. आता कुणीतरी माझ्यासमोर बसून पहिल्यांदा 'मला हे हवंय' असं इंग्रजीत म्हणावं आणि मी ते ऐकावं, एवढीच इच्छा आहे. भाजी विकणाऱ्या भिमाबाई शेवटी बसल्या होत्या, त्यांनी उठून तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. पण श्रुतीला शनिवारखेरीज सवड नाही.

तिसरे अंकुश. राहणार सानपाडा, शिक्षण नववी, व्यवसाय मालवाहू जहाजावर आचारी, बावीस वर्षं, आता निवृत्त. वर्णाच्या रकान्यात 'सावळा, पूर्वी बरा होतो' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. मी तो फॉर्म बाजूलाच ठेवणार होतो, पण आवडीनिवडींपुढची ओळ वाचली आणि थांबलो. तिथे लिहिलं होतं, 'नवीन माणूस भाषा येत नाही म्हणून गप्प बसतो, ते बघवत नाही.'

त्यांची हकिगत अशी. पहिल्या सफरीत त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मुख्य आचारी फिलिपिन्सचा. त्याने मागितलेली वस्तू अंकुशना कळेना, तर त्यांनी सात वेळा सात भलत्याच वस्तू नेऊन दिल्या. तो हसला नाही. त्याने भटारखान्यातली एकेक वस्तू हातात धरून तिचं नाव सांगितलं, संध्याकाळपर्यंत. पुढे अंकुशनी तसंच नऊ जणांना शिकवलं. मग त्यांनी आमच्या समोरच ताटली, चमचा, लिंबू, पाणी उचलायला सुरुवात केली, आणि दहा मिनिटांत पंधरा बायका एकमेकींकडे इंग्रजीत लिंबू मागत होत्या. अण्णा, व्याकरण ऐकून तुम्ही उठून गेला असता. मी स्वतः अकरा चुका मोजल्या आणि बाराव्या वेळी मोजायचं विसरलो, कारण मीही लिंबू मागितलं. यशोदाबाई सगळं डोळे बारीक करून पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आनि चुकलं तर?"

अंकुश म्हणाले, "चुकलं तर चहाऐवजी सूप येतं. पिऊन टाकायचं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच कुतूहल घोळतंय. तुम्ही छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. तुम्हाला का शिकवावंसं वाटलं, हे कधी कुणी विचारलं का? तुमच्या त्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं असतंत? आठवीत मी तुमच्याच वर्गात होतो. घरात अण्णा आणि शाळेत सर, असं दोन्हीकडून वर्षभर निभावलं. तुमच्यामुळे मला स्पेलिंगं येतात, अजून एकही चुकत नाही. पण बँकेत पस्तीस वर्षं काढताना साहेबासमोर इंग्रजी वाक्य तोंडातून काढायचं म्हटलं की हात आपोआप पाठीमागे जायचे, पट्टी बसेल म्हणून. हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. माया कमी नाही, भीती जास्त आहे, एवढंच. असो. तर या तिघांतून कुणाला निवडावं, ते आपल्या अनुभवाने कळवावं. वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक,
श्याम

ता. क. मत कळवण्याची तसदी घेऊ नये. यशोदाबाईंनी त्याच दुपारी अंकुशना नेमून टाकलं. शनिवारी लिहिणं-वाचणं शिकवायला श्रुती येणार आहे. रूपेशची वजनं गच्चीवर गेली, आणि हा वर्ग फक्त बायकांचा का, असं तो विचारून गेला.

ता. क. २. पार्थच्या आईने जाताना मंडळाची फाईल मागून घेतली. काम अगदीच वाया गेलेलं नाही.

ता. क. ३. हे खरं लिहायचं होतं. शिकणाऱ्या बायकांनाही जयमालेने तोच फॉर्म दिला, आणि एक तुमच्याकडे कराडला, वहिनींच्या नावे पाठवला. वहिनींनी तो भरून परत पाठवलाय. कौटुंबिक पार्श्वभूमी, 'इंग्रजीच्या मास्तरांची बायको, त्रेचाळीस वर्षं.' शिक्षण, 'मराठी सातवी. इंग्रजी, वह्यांचे गठ्ठे बांधण्यापुरतं.' अपेक्षा, 'दोनदा विचारलं तर दोनदा सांगावं. शिकवणारा घरातला नसावा.' ते वाचून तुमच्यावर राग नाही आला, वाईट वाटलं. जयमालेला तरी शिकायचंय का, हे मी कुठे कधी विचारलं होतं?

वहिनींना तीन महिने आमच्याकडे राहून शिकायचं आहे. तुम्हाला विचारायला त्या धजत नाहीत, म्हणून मी विचारावं असं ठरलं. हे शेवटी लिहा, असंही त्यांनीच बजावलं. म्हणाल्या, ते पत्र वाचताना वरपासून चुका काढत येतात, शेवटाला पोचेपर्यंत दमलेले असतात. टपाल तुमच्याकडे त्याच घेतात, तेव्हा हे पत्रही त्यांनीच तुमच्या हातात दिलं असणार. अण्णा, आता जरा मान वर करा. त्या समोर उभ्या असतील, पिशवी बहुधा भरलेली असेल. त्यांना फक्त 'ये जाऊन' म्हणा. 'हं' म्हणू नका, त्यांनाही त्याचा अर्थ कळत नाही.