पत्ता नसलेला डॉक्टर

५ सप्टेंबर १९९९, रविवार
मार्था, कालची तारीख विसरलीस, चष्मा विसरलीस, मी काय सांगितलं तेही विसरलीस. सासू तेवढी लक्षात राहिली, माझं नशीब. मी सांगते ते लिही.
माझा मुलगा दानियेल नगरहून आला. तिथं एका दुकानात तासावर पैसे भरून इंटरनेट बघतो. एक इंग्रजी कागद छापून आणलाय. अमेरिकेतला कोणी डॉक्टर म्हणतो, साखरेची सुई बंद करा, माझी पावडर घ्या. आमची नात एस्तू नऊ वर्षांची, तिला साखर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. दानियेल म्हणाला, "पावडर आली की सुई बंद."
सून लिहिता लिहिता थांबली. आई आहे पोरीची. लिही गं, रडायला पुढं वेळ आहे.

६ सप्टें.
मार्थाकडून कागदाचा अर्थ दोनदा ऐकला. बरी झालेली माणसं पुष्कळ. आडनाव एकालाही नाही, गाव नाही. विचारलं, "ह्यो कुणाचा कोण?"
"आई, इंटरनेटला गाव नसतंय. सारं जग वाचतंय, खोटं कसं लिहील?"
"मंग पोरीला काय झालं तर कुणाच्या दारात जायाचं?"
त्यानं कागदाची घडी घालून खिशात कोंबली.
खरं असावं असं मलाही वाटतं. सुई टोचताना एस्तू माझा पदर दातांत धरते.

९ सप्टें.
सोयरीक बघताना आम्ही मुलाची चौकशी मुलाच्या घरी करत नाही. गिरणीत करतो, शेजारी करतो. वर मध्यस्थाला मुद्दाम वाकडं सांगतो, "पोरगी ठार बहिरी हाय बरं का." तरी तो "चालतंय, चालतंय" म्हणाला, तर त्या घरची पायरी चढायची नाही. ह्या डॉक्टरचा शेजारी कुठून आणू? दानियेलला म्हटलं, वाकडं तरी विचार. त्या डॉक्टरला लिही, पेशंट माझी आई, साखर नाही, पाय मोडलाय.
"मला येड्यात काढतीस व्हय?"
"तुला न्हाई रे. तुज्या डॉक्टरला."
तणतणत गेला. पण गेला.

१२ सप्टें., रवि.
चर्चहून आल्यावर दानियेलनं डॉक्टरच्या उत्तराचा कागद पुढ्यात टाकला. मार्थानं अर्थ सांगितला: तुमच्या मुलीचा आजार आमच्या ओळखीचा, सुई आजच थांबवा.
पाय मोडून मी मुलगी झाले! हसले. दानियेल हसला नाही.
"मशीनची चूक आसंल. पावडर खरी आसंल."
"आन् नसली तर?"
तेव्हा कळलं. पावडर त्यानं आधीच मागवलीय, पार्सल नगरला येऊन पडलंय. मार्था उठून आत गेली. हे तिनं नंतर लिहिलं, म्हणून अक्षर वाकडं.

१३ सप्टें.
सकाळच्या एस.टी.नं दानियेल, मार्था, एस्तू तिघं नगरला. दानियेल म्हणतो, आधी मोठ्या डॉक्टरला दोन्ही कागद दाखवतो. पार्सलही त्याच गावात. कुठल्या दारात आधी शिरेल, देव जाणे. आत्ताची सुई टोचून झाली; त्यानं तोंड फिरवलं, अडवलं नाही.
मार्था, वही मिट. संध्याकाळची सुई बर्फाच्या थर्मासात, तुझ्याच पिशवीत. डब्यात बाजरीच्या भाकरी, मेथीची सुकी भाजी घे. एस्तूला घेरी आली तर गुळाचा खडा असू दे. आणि दानियेलला गाडीतच पोटभर खाऊ घाल. उपाशी असला की तो कुणाचंही ऐकतो.