चार नंबरच्या खुर्चीचा ब्रेक

तीर्थस्वरूप मावशी,

नमस्कार वाकूनच करणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे. गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर आठ दिवस डोकं तव्यासारखं तापलं आहे, आणि त्याला कारण तुझे चिरंजीव, म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. (घरी तो माझा दादा, संस्थेत मात्र 'अध्यक्ष महोदय' म्हटल्याशिवाय मान वर करत नाही.)

तू आणि तुझ्या तीन मैत्रिणींनी ही संस्था काढली ती आजाऱ्यांना व्हीलचेअर, कुबड्या, पलंग फुकट वापरायला मिळावेत म्हणून. त्या सामानाची खोली मी सांभाळते. आता एका देणगीदाराने अर्जात विचारलं, तुमच्याकडे जोखीम-व्यवस्थापन आहे का? झालं! दादाने सल्लागार आणला. त्याने माझ्या खोलीत पाऊलही न टाकता (धूळ असते म्हणे) त्रेसष्ट जोखमींची यादी केली. भूकंप, संगणकातली चोरी, अध्यक्षांच्या प्रतिमेला तडा. प्रत्येकीला रंग: लाल म्हणजे गंभीर, पिवळा म्हणजे मधली, हिरवा म्हणजे किरकोळ. चार नंबरच्या खुर्चीचा ब्रेक लागत नाही हे मी तीनदा लेखी कळवलं होतं. तो ब्रेक गेला हिरव्यात आणि दादाची प्रतिमा लालमध्ये! मी म्हटलं, दोन स्क्रूंचं काम आहे, कोपऱ्यावरचा सायकलवाला दहा मिनिटांत करून देईल. तर परस्पर दुरुस्ती हीच मुळात जोखीम, क्रमांक एकेचाळीस. शेवटी मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि दांड्याला चिठ्ठी बांधली, 'देऊ नये'. तीसुद्धा दादाने काढायला लावली, कारण पाहणीला येणाऱ्या देणगीदाराच्या नजरेस पडली तर काय!

मंगळवारी मी दात काढायला गेले होते. तेवढ्या तासाभरात कारकुनाने तीच खुर्ची एका निवृत्त शिक्षिकाबाईंना दिली. मी परत येते तो काय, बाई खुर्चीसकट दारासमोरच्या उतारावरून निघालेल्या! त्यांची मुलगी ब्रेक लावून गाडीचं दार उघडायला वळली होती. मी धावले, पण तोंडात कापूस, ओरडता येईना. खुर्ची थांबली ती फुलवाल्याच्या बादल्यांवर आपटून. बाईंचं मनगट मोडलं. आणि गुलाबांच्या ढिगात बसून त्या मलाच म्हणतात, "अहो, ब्रेक लावला होता हो आम्ही." जणू चूक त्यांचीच. मला तिथेच रडू फुटलं.

मग दादा आला. लागलं किती, कुठल्या दवाखान्यात नेताय, काही नाही. पहिला प्रश्न:

"फॉर्मवर सही घेतली होती का?"

मावशी, लहानपणी सायकलवरून पडले तेव्हा मला पाठीवर घेऊन घरी आणणारा तो हाच का, असं वाटून अंगाचा तिळपापड झाला. रविवारी सायकलवाल्याला बोलावलं, सभेची खोली उघडली (उजेड तिथेच चांगला) आणि त्या गुळगुळीत टेबलावर अकराच्या अकरा खुर्च्या एकेक करून उलट्या घातल्या. सात खुर्च्यांचे ब्रेक ढिले निघाले. सात! संध्याकाळपर्यंत सगळे घट्ट केले. सोमवारी मला नोटीस: विनापरवानगी दुरुस्ती आणि टेबलावर ओरखडे, तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. मी एका ओळीत दिला: 'ओरखडे हिरव्यात टाकावेत.' तेव्हापासून तो माझ्याशी कारकुनामार्फत बोलतो.

बाईंना रोज भेटून येते. डाव्या हाताने लिहायला शिकताहेत. अक्षर आताच माझ्यापेक्षा बरं आहे.

माझा राग तुझ्यावर नाही, एवढं मात्र समजून घे. तब्येतीला जप.

तुझी भडकलेली भाची

ता. क. हे पत्र नुसतं मन मोकळं करायला लिहिलं असं समजू नकोस. येत्या वार्षिक सभेत अध्यक्षपदासाठी मी दादाविरुद्ध उभी आहे. दोन्हीकडे बारा-बारा मतं पक्की आहेत. पंचविसावं मत, संस्थापक सदस्य म्हणून, तुझं.

आणखी एक. ते मत दादाने केव्हाच स्वतःच्या बाजूने धरलं आहे, सगळ्यांना सांगतही फिरतो. खरं सांग, तुला विचारलं होतं का गं त्याने?