तांबूची पाडी

१२ जानेवारी १९८७

पाडी झाली! पण सुखासुखी नाही. आमची तांबू गाय गावठी, शेळीहून जरा थोराड इतकीच. तिला विलायती वळूची सुई टोचून गाभण केली. दूध वाढेल म्हणून हौस माझीच. शेजारचे भागोजी भावोजी दोर लावून ओढत होते. म्हणाले, "वयनी, ही पाडी हाय का रेडा?" सगळे हसले. मीही हसले. मग नीट बघितली — डोकं केवढं, जीभ बाहेर, बेंबी सुजलेली, छाती घरघरतेय.

चीक लगेच पाजावा असं मी वाचलंय. पण नणंद, हौसावन्सं, अडून बसल्या. वार पडल्याशिवाय थेंब द्यायचा नाही, गाय आटते. वार पडली दिवेलागणीला. तोवर पाडीला चोखायचं बळ उरलं नव्हतं.

१३ जानेवारी

उठत नाही.

१५ जानेवारी

संगमेश्वरहून ढोरांचे डॉक्टर आले. गाय लहान, वासरू अंगापेक्षा मोठं, अडलं की असं होतं म्हणाले. वाट बघा. बघतेय. बाटलीने दूध पाजते, अर्धं नाकातून येतं. गोणपाटाची झोळी वाशाला बांधून पाडीला तिच्यात धरली. पाय नुसते लोंबतात.

१८ जानेवारी

तांबू सारखी हंबरते. हौसावन्सं म्हणाल्या, "सोड गो आता त्या पाडीचा नाद. दादा गेला तवापण तू अशीच बसून व्हतीस."

बसले होते. हे गेल्यावरही ओठांना पाणी लावत होते. तांबू ह्यांनीच आणलेली. आता ती म्हातारी झाली, पुन्हा गाभण राहायची नाही. ही पाडी गेली की गोठा संपला.

२० जानेवारी

वाचनालयाच्या मासिकात आलंय — विलायतेत मेंढीच्या एका गर्भातून एकसारखी कोकरं केली. फोटो आहे. गुबगुबीत, उभी. जी उठलीच नसतील त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. त्यांच्यापाशी कोण बसलं?

२३ जानेवारी

देवा, एकदा हिला पायांवर उभी कर. दुसरं काही मागत नाही.

२४ जानेवारी

उभी राहिली! झोळीशिवाय!

मी हाक मारली. पाडी जांभ्याच्या भिंतीकडे चालत गेली आणि आपटली. मागे सरली. पुन्हा तिथेच आपटली. मी डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.