अनुसयाबाई कोणाच्या वाट्याची

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. कपाळावरची राख वाळली नाही तोवर राग आला. म्हणजे उपवासकाळ पहिल्याच दिवशी मोडीत.

चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाल्यावर फादर बेनींनी सेवा मंडळाच्या जोड्या काढल्या. दरवर्षीसारख्या, रिकाम्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकून. एका गरजू घराला मंडळातल्या दोन बायका. एकटीनं जायचं नाही, पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही, त्या घरचं पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. मी आणि रोझाबाईनं हे नियम इतकी वर्षं काटेकोर पाळले, म्हणून जवळच्या पिंप्री गावची अनुसयाबाई कायम आमच्याकडे राहिली. रोझाबाई आता मुलाकडे अकोल्याला गेली. तिच्या जागी चिठ्ठी निघाली स्टेलाची.

स्टेला म्हणजे भुसावळची रिटायर नर्स. दिवाळीत इथं नांदुऱ्याला लेकीकडे राहायला आली. आल्या आल्या गाणाऱ्यांत पुढे, आल्या आल्या वेदीची फुलं तिच्याकडे. आता माझी अनुसयाबाईपण.

घरी तोंड पाहून हे म्हणाले, "काऊन वं, कपायावर राख अन् डोयात आग?"  जेवायला वाढलं तेवढं.

२२ फेब्रु., रविवार

स्टे.बरोबर पहिली फेरी. (पूर्ण नाव लिहायला हात जात नाही. स्टे. पुरे.) ऑटोत सगळा रस्ता तीच बोलत होती.

अ.बाई टिनाच्या खोलीत, खाटेवर. शेजारीच मुलाचं, प्रल्हादचं, पक्कं घर. वांगी, कांदे, टमाटे, सगळं पिकतं त्यांच्याकडे. म्हातारीला तिकडून दोन वेळा भाकर येते, आठवण राहिली तर. आम्ही नेतो ते धान्य सून वनिताच्या हाती द्यायचं, कारण अ.बाईचे हात आता चुलीपाशी चालत नाहीत. आणि तासभर बसायचं. बसणं हेच मुख्य काम, असं फादर म्हणतात.

मी नेहमीप्रमाणे खोली झाडली, तिची वेणी घातली. स्टे.नं पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. मग नखं काढली. मग कोमट पाणी मागवून पाय शेकले. अ.बाई डोळे मिटून म्हणते, "किती नरम हात हायेत वं या बाईचे!"

माझे हात शिलाई मशीनवरचे आहेत. सुईनं टोचलेले. नरम कुठून आणू?

१ मार्च, रवि.

मुठीचा रविवार. रोज स्वयंपाकाआधी घरच्या धान्यातली एक मूठ डब्यात टाकायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा वेदीसमोरच्या टोपलीत ओतायचा, अशी आमच्याकडची रीत. माझा डबा ज्वारीचा, काठापर्यंत. कधी कधी घरी कमी पडलं तरी मूठ चुकवली नाही.

स्टे.नं दुकानातली पॅकबंद तांदळाची पिशवी आणली. सरळ टोपलीत ठेवली. ही मूठ आहे की पोतं? नंतर फादरना म्हटलं, "ही विकतची आहे, रोजची नाही." फादर हसले. "सुमनताई, शिजल्यावर कळणार आहे का?"

मला कळतं.

८ मार्च, रवि.

लिहिताना अजून अंग जळतंय.

मी खोलीत आधी शिरले. अ.बाईनं मान वर केली, मला पाहिलं आणि माझ्या पाठीमागे पाहत विचारलं, "ते भुसावळवाली नाई आली काय?" ऑटोवाल्याला सुटे देऊन येतेय, म्हटलं. मग चेहरा उजळला.

पुढे ऐका. (कोणाला सांगतेय? असो.) अ.बाईनं खाटेखालून एक डबा ओढला. मागच्या उन्हाळ्यात सुनेकडून करून घेतलेले सांडगे. वनिताकडून तळून आणवले आणि स्टे.च्या पुढे ठेवले. मी डोळ्यांनी खुणावलं, नियम! स्टे.नं एक उचलला, दुसरा उचलला, वर म्हणते, "आजी, मीठ अगदी बरोबर पडलंय."

मला एकदाही काही दिलं नाही इतक्या वर्षांत. तोंडून निघूनच गेलं, "माय, मले कधी इचारलं नाई तुम्ही."

अ.बाई सरळ म्हणाली, "पैल्यांदा इचारलं होतं. दोन डाव इचारलं. तू नाई म्हनली. मले वाटलं, आमच्या घरचं चालत नसन तुले."

आमच्या घरचं चालत नसेल! माझी आई असल्याच घरांच्या दारात ओंजळीनं पाणी प्यायची, वरून ओतलेलं. मी नियम म्हणून नाही म्हटलं आणि ही समजली की मी तिला कमी लेखते. उलटं जग. पण हे सांगायचं कसं, तेही स्टे.च्या समोर, ती सांडगा चावत असताना?

नियम मी पाळला. माया तिला मिळाली.

१४ मार्च, शनिवार

एकटीच गेले. नियम मोडला, माहीत आहे. पापनिवेदनात सांगेन, बहुतेक.

पिठलं-भाकर बांधून नेली. स्टे.शिवाय एकदा तरी मला एकटीला भेटायचं होतं. अ.बाईनं भाकर पाहिली आणि अशी खाऊ लागली की मला शंका आली. विचारलं. आधी काही नाही, काही नाही. मग म्हणाली, "दोन दिस झाले, भाकरच आली नाई वं. पल्हाद लग्नाले गेला वऱ्हाडासंग. सुनेच्या ध्यानात राह्यलं नाई. कोनाले सांगजो नको, माय. पोराची इज्जत जाईन."

माझा हात धरून म्हणाली. माझा.

वाईट वाटलंच. पण खरं लिहायचं तर परतीच्या ऑटोत मी आनंदात होते. म्हातारी उपाशी आणि मी आनंदात. का, तर मला सांगितलं. तिला नाही.

१५ मार्च, रवि.

दोघी गेलो. काल आल्याचं मी स्टे.ला सांगितलं नाही. अ.बाईही बोलली नाही, डोळ्यांनीच हसली. आमचं दोघींचं गुपित. बाहेर उन्हात बसून तांदूळ पाखडताना मी गाणं गुणगुणत होते. प्रल्हाद अजून आलेला नाही. वनिताची तब्येत बरी दिसली नाही, कमरेवर हात ठेवून चालत होती.

२२ मार्च, रवि.

आज काय केलं ते नीट लिहून काढते.

मिस्सेआधी ओसरीत स्टे. बायकांना सांगत होती, "आमच्या अनुसयाआजी अशा, आमच्या अनुसयाआजी तशा." आमच्या! पिंप्रीला यायला लागून जेमतेम महिना आणि आमच्या!

विश्वासूंच्या प्रार्थना वाचायची पाळी माझी होती. कागदावरच्या वाचल्या. पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, पोपसाठी. मग कागद खाली केला आणि म्हटलं, "पिंप्रीच्या अनुसयाबाईंसाठी. मुलगा-सून असून त्यांना दोन दोन दिवस भाकर मिळत नाही. प्रभूनं त्यांच्या मुलाचं मन बदलावं म्हणून प्रार्थना करू या."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सगळं चर्च म्हणालं. मी स्टे.कडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, आणि आता सगळ्यांना कळलं होतं की कोणाला माहीत होतं. साखर खाल्ल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर फादर हळू आवाजात म्हणाले, "नाव घ्यायला नको होतं, सुमनताई." मी म्हटलं, "प्रार्थना होती, फादर. चुगली नव्हती."

२५ मार्च, बुधवार

प्रल्हाद आला होता.

तो भाजीबाजारात बसतो, आमच्या चर्चमधल्या निम्म्या बायका त्याच्याकडून वांगी घेतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं. कोणीतरी आज त्याला तराजूसमोर म्हणाली, "दादा, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना केली हो, तुमच्या आईले भाकर मिळावी म्हनून." गिऱ्हाइकं उभी असताना.

मोटरसायकल दारात लावली, आत आला नाही. मी मशीनवरून उठले.

"तुमीच ना सुमनबाई?"

"हाव."

"माही माय भुकी हाये असं माईकवर सांगतलं तुमी?"

"दादा, प्रार्थना…"

"लग्नाले गेलो होतो मी. बायकोची कंबर धरली होती, उठता येत नव्हतं तिले. चूक झाली. माह्या घरची चूक मले येऊन सांगाची होती. मी काय राक्षस हाओ का? बजारात लोकं हासून राह्यले माह्यावर."

शेजारीण खिडकीत.

"मायले आजच घरात घेतली, मधल्या खोलीत. आता तिले तुमच्या धान्याची गरज नाई. तुमच्यातलं कोनी माह्या दारात याचं नाई."

गेला. संध्याकाळी हे कामावरून आले, शेजारणीकडून आधीच ऐकलेलं. मला वाटलं, चिडवतील. चिडवलं नाही. त्यानं जास्त लागलं.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

मंडळाची बैठक. मला वाटलं होतं सगळ्या तुटून पडतील. फादर एवढंच म्हणाले की म्हातारी आता टिनाखालून पक्क्या घरात गेली, ते चांगलंच झालं, पण आपण तिच्या विश्वासाला जागलो नाही. "आपण" म्हणाले. मी म्हटलं पाहिजे होतं की आपण नाही, मी. म्हटलं नाही.

नंतर नळापाशी स्टे. आली. मी तयार होते, भांडायला. ती म्हणाली, "सुमनताई, मलाही सांगितलं होतं आजींनी. त्या रविवारी, तुम्ही तांदूळ पाखडत होता तेव्हा. कोणाला सांगू नको म्हणाल्या."

त्यानंतर दोनच दिवसांनी ती वनिताला बाजारात भेटली होती. ओरडायला नाही, कंबर कशी आहे ते विचारायला. वनिताच रडली. "मलेच शरम वाटून राह्यली बाई," म्हणाली. त्या दिवसापासून ती दोन्ही वेळचं ताट स्वतः नेऊन देत होती. म्हणजे मी ज्या भाकरीसाठी चर्चभर प्रार्थना केली, ती भाकर आधीच सुरू झाली होती. स्टे.मुळे. कोणालाही न सांगता. चर्चमध्ये ती पांढरी पडली ती त्यामुळे.

एवढं सगळं ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं? अ.बाईनं दोघींना एकच वाक्य सांगितलं. दोघींचा हात धरला असेल. हे आलं. मी अशी आहे.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार

येशूनं शिष्यांचे धुतले, तसे आज फादर बारा जणांचे पाय धुतात. वर्षानुवर्षं मनात होतं की एकदा मला बोलावतील. मनात ठेवलं, कोणाला म्हटलं नाही. आज बोलावलं. आजच.

खुर्चीत बसले. फादर गुडघ्यावर. पाणी ओतलं, टॉवेलनं पुसलं. टाचेच्या भेगा लपवायलाही जागा नव्हती. शेजारच्या खुर्चीत स्टे. नव्हती. ती बाकावर होती, गात होती. इतकी वर्षं वाट पाहिली आणि केव्हा संपतंय असं झालं होतं.

५ एप्रिल, ईस्टर

मुठीचा रविवारही आजच. डबा ओतला. स्टे.च्या हातात आज पॅकबंद पिशवी नव्हती. छोटा डबा, त्यात सरमिसळ, तांदूळ, थोडी ज्वारी, थोडी तूरडाळ. रोज मूठ टाकतेय वाटतं. मला तेही आवडलं नाही. आता तेवढंही माझं राहिलं नाही.

दुपारी तिचा फोन. वनिताचा तिला फोन आला होता. अ.बाईचं बीपी वाढलंय, चक्कर येते, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या पण म्हातारी घेत नाही, नर्सबाईलाच बोलवा म्हणते. प्रल्हाद तयार झालाय, पण "एकट्या या, त्या दुसऱ्या बाईले आनू नोका."

"मग जा ना," मी म्हटलं.

"एकटीनं जायचं नाही, हा नियम आहे ना? तुम्हीच शिकवलात. तुम्ही येणार असाल तर जाते."

माझाच नियम माझ्या गळ्यात. चांगुलपणाही असा करते की अंगावर काटा यावा. विचार करते म्हणाले. मग वाटलं, म्हातारी तिकडे गोळी घेत नाहीये आणि मी विचार काय करतेय. पुन्हा फोन लावला. येते म्हटलं.

१२ एप्रिल, रवि.

मागच्या सोमवारी गेलो, आणि आज परत. दोन्ही वेळेचं लिहायचं राहिलं.

सोमवारी प्रल्हाद दारातच होता. मी आधी बोलले. "दादा, चूक माही होती. तुमच्या घरची गोष्ट मी बाहेर नेली. तुमच्या मायनं नको म्हनलं होतं." सगळं पाठ करून गेले होते, पुढचं विसरले. त्यानं अंगणातल्या ढिगातला एक सडका कांदा उचलून बाजूला फेकला. मग स्टे.ला म्हणाला, "तुमी या आत." मला म्हणाला, "तुमी बसा इथं." एक पोतं पुढे सरकवलं बसायला. एवढंच.

बसले. अंगणात कांद्याचा ढीग, ऊन मरणाचं. वनिता पाणी घेऊन आली, नजर न भिडवता. कंबर बरी आहे का, विचारलं. हाव म्हणाली.

आजही तसंच. आत स्टे., बाहेर मी. मधल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. अ.बाई हसत होती, मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. माझ्याबरोबर अशी कधी हसली नाही. मी बसल्या बसल्या कांद्याची साल सोलत होते, विनाकारण. डोळ्यांत पाणी आलं तर कांदा आहेच सांगायला.

स्टे. बाहेर आली. बीपी ठीक, गोळी घेतली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारत होत्या."

"काय विचारलं?"

"सुमन बाहेर काऊन बसली, म्हणाल्या. उन्हात काऊन बसली."

खरं, की माझं मन राखायला? तिच्या तोंडाकडे पाहिलं, कळलं नाही. ही बाई मन राखायला खोटं बोलेलही. पण "काऊन" तर तिच्या बोलण्यातलं नाही.

विचारून खात्री करणार नाही. प्रल्हादनं आत घेतलं तर अ.बाईलाच विचारीन. नाही घेतलं तर बसेन बाहेर, पोत्यावर, मे महिनाभरसुद्धा.

स्टे.ला एकटीला मात्र जाऊ देणार नाही.