दुर्बिणीतला निळा रंग

बाई, आज दुपारी शस्त्रक्रिया आटोपल्यावर माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पडद्याकडे बघताना तुम्ही डावा डोळा का मिटता?" मी तो मिटते हे मलाच ठाऊक नव्हतं. आता दुर्बिणीला कॅमेरा असतो. पोटातलं सगळं मोठ्या पडद्यावर दिसतं, भूल देणाऱ्यांना, नर्सला, दाराशी उभ्या असलेल्या मावशींनासुद्धा. त्या मुलीला काय सांगावं सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला आता आठवून आठवून ऐकावा लागतो. साकोलीच्या दवाखान्यातली ती खोली मात्र न बोलावता येते.

खिडक्यांना हिरवे पडदे, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, बाहेर हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर. ऐंशी सालाच्या आगेमागे मी तुमच्या हाताखाली शिकत होते; आपण नागपूरहून जीपनं तिथे जायचो आणि दुर्बिणीची लाकडी पेटी तुम्ही वाटभर मांडीवर धरून बसायचात. बेंबीखाली नखाएवढी चीर, पोटात थोडी हवा, आणि मग तुम्ही वाकून डोळा लावता. त्या दुर्बिणीत एकाच डोळ्यापुरती जागा. तुम्ही आत फिरताय आणि झोपेत बोलावं तशा हळू आवाजात मला सांगताय, "हे गर्भाशय. पेरूएवढं. मागं थोडं पाणी आहे, तळ्याच्या काठी साचते तसं." मी शेजारी उभी राहून तुमचा मिटलेला डावा डोळा बघतेय. दुसऱ्याच्या लग्नातल्या पंगतीचं वर्णन ऐकून ढेकर द्यावा, असं माझं शिक्षण चाललं होतं. मी घुश्शात असायची आणि तुम्हाला ते कळायचं. शेवटी एका सकाळी जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "आज तू पाहशील." मी वेणी पुन्हा घालून घेतली होती, जणू आतून मलाच कुणी बघणार होतं.

त्या दिवशी अड्याळकडच्या विणकरांची सून आली होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. नवरा बाहेर बाकावर बसला होता आणि सासू आत येऊन तिच्यादेखतच म्हणाली, "नळ्या बंद असन तं सांगून द्या बाई. दुसरी पोरगी पाहून ठेवली हाय आमी." सून पदराचं टोक घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. तुम्ही विचारलंत, "पोराले तपासलं काय?" "मर्दाले काय होते?" सासू म्हणाली. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. तुमचं ते "बरं" मला ओळखीचं होतं.

मी तिच्या पायांशी बसले, हातात निळ्या रंगाची पिचकारी. खालून रंग हळूहळू सोडायचा. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या उघड्या असल्या तर तो वर पोटात येतो, आणि दुर्बिणीतून दिसतो. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती. ती जागी होती, तिचे ओठ कोरडे पडले होते. मी थोडा रंग सोडला, तुम्ही खूप वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "मोकळ्या आहेत. दोन्ही." मी उठू लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "बस तिथंच. रंग उरव थोडा. सासूले बोलवा." नर्स दाराकडे वळली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, आज मी बघणार होते!" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "पोरी, तुले शिकाले अख्खा जलम पडला आहे. तिचा निकाल आजच लागून राहिला."

सासूला टोपी, मास्क, झगा चढवला. हात पाठीमागे धरायला लावले. आधीचा रंग तोवर खाली मागे उतरला होता. तुम्ही दुर्बीण धरलीत आणि तिनं डोळा लावला. "काही नाही वो, लालच लाल हाय सारं." तुम्ही मला मानेनं खुणावलंत आणि मी पिचकारी दाबली. मग ती बाई, जिनं जन्मभर सूत रंगवलं होतं, एकदम कुजबुजली, "आला. आला वो माय... निळा! ह्या अंगानंबी आला!" ती कितीतरी वेळ तिथून उठेना. उठली तेव्हा सुनेच्या कानाकडे ओघळलेलं पाणी तिनं पाहिलं आणि पाठीमागे धरलेला हात सुनेच्या कपाळावर आला. "नाणं आपलंच खोटं असन," ती म्हणाली, "तं दुसरीचाबी जलम कायले नासवू?" दार उघडंच होतं. बाहेर जाऊन ती पोराला म्हणाली, "ऊठ. तुले तपासाले जायचं हाय." तो उठला.

त्यांना पुढे मूल झालं का, ते मला कळलं नाही. पण दुसरी आली नाही हे कळलं, कारण दिवाळीआधी सासू-सून दोघी मिळून आल्या होत्या, तुमच्यासाठी निळ्या काठाचं लुगडं घेऊन. मी तोवर तुमच्यावर रुसलेलीच होते. तुम्ही ते माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "नजर हुकली तुझी, रंग तं घे." तेव्हा मला हसू आलं आणि रडूही. मला तुमची फार आठवण येते, बाई.

हे पत्र त्याच लुगड्याच्या घडीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? एकच गोष्ट सांगायची राहिली. पुढे तो रंग मी शेकडो वेळा पाहिला, स्वतःच्या हातानं सोडून, स्वतःच्या डोळ्यानं. तरी मुलींना शिकवताना मी त्याच दिवसाचं सांगते: आधी उजवीकडून सुतासारखा आला, मग डावीकडून. "तुम्ही पाहिलंत, मॅडम?" त्या विचारतात. मी हो म्हणते. डावा डोळा मिटला की मला तोच दिसतो.